शिट्टी कुठून येते? : गाडीतल्या स्टिरिओच्या गोंगाटावरील पुस्तिकेची प्रस्तावना

गाडीत नवा डेक बसवला, डिकीत अँप आणि वूफर आला, इंजिन बंद ठेवून गाणं लावलं की सगळं झकास वाजतं. मग इंजिन सुरू होतं आणि गाण्याच्या मागे एक बारीक शिट्टी ऐकू यायला लागते. ॲक्सिलरेटर दाबला की ती चढते, सोडला की उतरते. हेडलाइट लावले की आणखी ठसठशीत होते. आवाज वाढवून ती झाकता येते, पण गाणं जिथे हळू होतं तिथे ती पुन्हा डोकं वर काढते. ख्यालाचा विलंबित आलाप ऐकणाऱ्यांना हे जास्त जाणवतं. दोन स्वरांच्या मधली जागा तानपुऱ्याची असते आणि नेमकी तीच जागा ही शिट्टी बळकावते.

अशी गाडी घेऊन माणूस पुन्हा दुकानात जातो. बहुतेक ठिकाणी त्याला एक छोटी डबी विकली जाते, तिला ‘नॉइज फिल्टर’ म्हणतात. कधी शिट्टी थोडी कमी होते, कधी काहीच फरक पडत नाही. मग जाड आरसीए केबल येते, मग दुसरा अँप येतो, आणि शेवटी ‘या मॉडेलला हा प्रॉब्लेम असतोच’ हे वाक्य येतं. ते वाक्य खोटं आहे. शिट्टी कुठल्याच गाडीचा स्वभाव नसतो. ती कुठे तरी तयार होते आणि कुठल्या तरी वाटेने आत शिरते. ही वाट मल्टीमीटर हातात घेऊन, क्रमाने तपासत गेलं तर सापडते. पुढची सगळी प्रकरणं या एका म्हणण्यासाठी लिहिली आहेत: गोंगाट घालवणं हे वायरिंगचं काम आहे, खरेदीचं नव्हे.

आधी शिट्टीचा जन्म पाहू. आपले मेकॅनिक ज्याला अजूनही सवयीने ‘डायनॅमो’ म्हणतात तो खरं तर ऑल्टरनेटर. त्यात तीन फेजची एसी वीज तयार होते आणि आतले सहा डायोड तिची डीसी करतात. पण ही डीसी सपाट नसते, तिच्यावर बारीक लाटा उरतात. बहुतेक ऑल्टरनेटरच्या रोटरवर चुंबकीय ध्रुवांच्या 6 जोड्या असतात, त्यामुळे एका फेऱ्यात 36 लाटा उठतात. इंजिन 800 आरपीएमवर आयडल चालू आहे आणि पुलीमुळे ऑल्टरनेटर त्याच्या अडीचपट फिरतो आहे असं धरा. 2000 आरपीएम म्हणजे सेकंदाला सुमारे 33 फेरे, म्हणजे साधारण 1200 हर्ट्झची लाट. इंजिन 3000 वर गेलं की हीच लाट 4500 हर्ट्झवर पोचते. माणसाचा कान सर्वांत तिखट असतो तो साधारण 2000 ते 5000 हर्ट्झच्या पट्ट्यात. म्हणजे हायवेला लागलं की शिट्टी बरोबर कानाच्या सर्वांत नाजूक जागी जाऊन बसते. मिलिव्होल्टमध्ये मोजावी लागणारी गोष्ट एवढी छळते, त्याचं कारण हे.

ही लाट प्रत्येक चालू गाडीच्या बॅटरीवर असते, चांगल्या गाडीच्याही. बॅटरी स्वतः मोठ्या कपॅसिटरसारखं काम करून ती बरीचशी दाबते. एखादा डायोड गेला तर मात्र लाट एकदम उंच होते. तेव्हा शिट्टी नुसती बारीक राहत नाही, तिच्यात खरखरीत गुरगुर मिसळते. बॅटरीच्या दोन टोकांवर एसी व्होल्टेज मोजलं तर निरोगी गाडीत ते व्होल्टच्या दहाव्या हिश्श्याच्या आत असतं. ते अर्ध्या व्होल्टकडे सरकत असेल तर स्टिरिओला हात लावायच्या आधी ऑल्टरनेटर उतरवून डायोड बघा. इथे एक इशारा देतो. बाजारात सर्रास मिळणाऱ्या स्वस्त मीटरवर एसीची सर्वांत खालची पायरी 200 व्होल्टची असते आणि तो मीटर डीसी अडवतही नाही. बॅटरीला लावला तर एका बाजूने वीस-पंचवीस व्होल्ट दाखवतो आणि प्रोब उलटे केले की शून्य. त्या आकड्यावर विसंबून कुणी चांगला ऑल्टरनेटर बदलू नये. या मोजणीसाठी थोडा बरा मीटर लागतो, तेवढा खर्च करावा.

हा झगडा गाडीतल्या रेडिओइतकाच जुना आहे. 1930 च्या जूनमध्ये शिकागोच्या पॉल गॅल्व्हिनने स्वतःच्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला आणि ती गाडी रेडिओ उत्पादकांच्या अधिवेशनासाठी अटलांटिक सिटीला नेली. ‘मोटोरोला’ हे नाव तिथून सुरू झालं. त्या रेडिओपुढची मोठी अडचण स्टेशन पकडण्याची नव्हती. इंजिनातल्या ठिणग्यांचा तडतडाट कसा दाबायचा, ही होती. हाइनरिश हर्ट्झने 1886 ते 1888 च्या दरम्यान रेडिओ लहरी सिद्ध केल्या त्या ठिणगी उडवूनच. त्यामुळे स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी हे एक लहानसं रेडिओ प्रक्षेपणच ठरतं, आणि ते ॲन्टेनाच्या अगदी शेजारी चालू असतं. गॅल्व्हिनच्या मदतीला विल्यम लिअर आणि एल्मर वेव्हरिंग होते. लिअर पुढे आपल्या जेट विमानांमुळे आणि गाडीत वाजणाऱ्या आठ ट्रॅकच्या टेपमुळे प्रसिद्ध झाला. वेव्हरिंगने पुढे मोटोरोलामध्ये गाडीच्या ऑल्टरनेटरच्या विकासाचं नेतृत्व केलं. गाडीत रेडिओ आणणाऱ्यांपैकी एकाचा हात गाडीत ऑल्टरनेटर आणण्यातही होता, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. दोन्ही यंत्रं चांगली आहेत. ती एकाच लोखंडी डब्यात, एकाच तारेवर नांदायला लागली की मध्ये कुणी तरी शहाणपणाने वायरिंग करावं लागतं, एवढंच.

आता मूळ मुद्द्यावर येतो: अर्थिंग. मी पाहिलेल्या शिट्टीच्या गाड्यांमध्ये बहुतेक वेळा रोग इथेच निघाला, म्हणून पुस्तिकेतलं सर्वांत मोठं प्रकरणही याचंच आहे. गाडीत बॅटरीचं मायनस बॉडीला जोडलेलं असतं आणि परतीचा सगळा करंट बॉडीच्या पत्र्यातून येतो. आपण समजतो की पत्रा म्हणजे शून्य व्होल्ट, कुठेही स्पर्श केला तरी सारखाच. तसं नसतं. जुन्या वाड्यात चार बिऱ्हाडांची मोरी एकाच नळीला जोडलेली असते. वरच्या मजल्यावर कुणी बादली ओतली की तळमजल्याच्या मोरीत पाणी वर येतं. बॉडीचंही असंच आहे. ऑल्टरनेटर, हेडलाइट, पंखा, फ्युएल पंप या सगळ्यांचा करंट त्याच पत्र्यातून परततो. त्यामुळे डॅशबोर्डखालच्या अर्थ पॉइंटची आणि डिकीतल्या अर्थ पॉइंटची पातळी कधीच तंतोतंत एक नसते. दोन्हीत काही मिलिव्होल्टचा फरक असतो, आणि तो फरक ऑल्टरनेटरच्या लाटांबरोबर थरथरत असतो.

डेक डॅशबोर्डपाशी अर्थ केलेला, अँप डिकीत अर्थ केलेला, आणि दोघांना जोडणारी आरसीए केबल. तिच्या बाहेरच्या जाळीने हे दोन अर्थ एकमेकांना जोडले जातात आणि एक पूर्ण वळसा तयार होतो. पत्र्यातून जायचा थोडा करंट आता जाळीतून जाऊ लागतो. जाळी तर सिग्नलचाच अर्धा भाग आहे, त्यामुळे तिच्यावरचा प्रत्येक मिलिव्होल्ट अँपला गाण्याचाच भाग वाटतो. डेकचा आउटपुट जास्तीत जास्त 2 व्होल्ट असेल, तर आलापातला हळू भाग त्याच्या हजाराव्या हिश्श्यावर, म्हणजे 2 मिलिव्होल्टवर असू शकतो. जाळीवर 5 मिलिव्होल्टची शिट्टी असेल तर ती त्या आलापापेक्षा मोठीच. वर अँपचा गेन पूर्ण उघडलेला असतो, कारण पुष्कळांना गेन म्हणजे व्हॉल्यूमच वाटतो. गेनचं काम वेगळं आहे: डेकच्या आउटपुटशी अँपचा मेळ घालणं. डेक 4 व्होल्ट देत असेल तर गेन खाली ठेवता येतो आणि शिट्टीही त्या प्रमाणात खाली जाते.

पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या गल्ल्यांजवळच्या एका गॅरेजात पाहिलेली एक हॅचबॅक इथे सांगतो, कारण तिच्यात हे सगळं एकत्र होतं. मालकाने फिल्टर लावून झाला होता, महागडी आरसीएही टाकून झाली होती. डिकीचं कार्पेट उचललं तर अँपची काळी वायर मागच्या सीटबेल्टच्या बोल्टखाली दाबलेली दिसली. बोल्टच्या आट्यांना कारखान्यात लावलेला चिकट लेप होता, वायरीच्या टोकाच्या लगखाली बॉडीचा रंग शाबूत होता, आणि लग पान्याने नव्हे तर पकडीने चेपलेला होता. इंजिन चालू, हेडलाइट चालू, गाणं मोठ्याने. मीटरचा एक प्रोब अँपच्या मायनस टर्मिनलवर, दुसरा लांब वायरीने बॅटरीच्या मायनसवर. मीटरने जवळजवळ अर्धा व्होल्ट दाखवला. आम्ही सीटबेल्टचा बोल्ट पूर्ववत घट्ट बसवला. शेजारच्या पत्र्यावर मागे टाकी, वायर, ब्रेकची नळी काही नाही ना हे खात्री करून भोक पाडलं, रंग खरवडून चकाकता पत्रा मोकळा केला, दातेरी वॉशर घालून नवा लग नट-बोल्टने आवळला आणि वरून गंज धरू नये म्हणून ग्रीस लावलं. तोच मीटर, तीच दोन टोकं: व्होल्टचे काही शतांश. शिट्टी गेली. फिल्टर काढून टाकला, तरी ती परत आली नाही.

सीटबेल्टच्या बोल्टबद्दल वेगळं सांगायला हवं. तो बोल्ट माणसाचा जीव धरून ठेवतो, तो किती आवळायचा हे कंपनीने ठरवून दिलेलं असतं, आणि त्याखाली लग सरकवला की ती पकड बदलते. शिट्टी येवो न येवो, ती जागा अर्थिंगसाठी वापरू नये.

तपासणीचा क्रम हा या पुस्तिकेचा कणा आहे. पहिली पायरी फुकटची आहे: इंजिन चालू ठेवून व्हॉल्यूम शून्यावर न्या. शिट्टी तशीच राहिली तर ती व्हॉल्यूमच्या पुढे, म्हणजे आरसीए, अँप किंवा अर्थिंगमध्ये शिरते आहे. व्हॉल्यूमबरोबर ती कमी-जास्त होत असेल तर ती मागे, म्हणजे ॲन्टेना, फोन किंवा डेकच्या आत आहे. दुसरी पायरी: सिस्टिम पूर्ण बंद करून अँपची आरसीए काढा आणि तिथे पिन व कवच एकमेकांना जोडलेला शॉर्टिंग प्लग लावून पुन्हा सुरू करा. आता शांत असेल तर अँप निर्दोष आहे. आवाज आलाच तर अँपची पॉवर किंवा स्पीकरच्या वायरी बघायच्या. तिसरी: बॅटरीवर चालणारा, गाडीच्या कुठल्याही वायरीला न जोडलेला एखादा प्लेअर थेट अँपला लावून ऐका. या तीन पायऱ्यांमध्ये शोधाचं क्षेत्र गाडीभरातून एका कोपऱ्यावर येतं. ‘बंद करून’ या शब्दांवर माझा भर आहे. सिस्टिम चालू असताना आरसीए काढली-घातली आणि त्या क्षणी अँपचा अर्थ सुटा असला, तर अँपचा सगळा करंट आरसीएच्या जाळीतून डेककडे धाव घेतो. काही डेकच्या आत त्या जाळीच्या वाटेवर केसासारखा बारीक फ्यूज किंवा ट्रॅक असतो, तो जळतो. त्यानंतर डेक वाजतो, पण कायमची शिट्टी घेऊन. आरसीएचं बाहेरचं कवच आणि डेकची बॉडी यांच्यात मीटरने कंटिन्युइटी तपासली की हा दोष लगेच कळतो.

बाकीचे गोंगाट थोडक्यात. टिक-टिक करत इंजिनाबरोबर वाढणारा आवाज ठिणग्यांचा असतो आणि तो मुख्यतः मध्यम लहरींवर, म्हणजे पुणे केंद्राच्या 792 किलोहर्ट्झसारख्या ठिकाणी सतावतो. एफएमला तो कमी लागतो. एडविन आर्मस्ट्राँगने 1933 मध्ये एफएमची पेटंटं मिळवली ती मुळात अशाच खरखरीवर मात करायला. जुन्या गाडीत आधी प्लगचा नंबर वाचा. एनजीकेच्या बीपीआर6ईएससारख्या नंबरातला ‘आर’ म्हणजे प्लगच्या आत साधारण 5 किलोओहमचा रेझिस्टर आहे. तो नसलेला प्लग कुणी स्वस्त म्हणून टाकला असेल तर रेडिओची खरखर तिथेच सुरू होते. ब्लोअरची घरघर पंख्याच्या वेगाबरोबर बदलते, वायपरची वायपरबरोबर, आणि टाकीतल्या पंपाची घूं-घूं किल्ली फिरवताच काही सेकंद ऐकू येते. प्रत्येकाची वेळ आणि चाल वेगळी असल्यामुळे कान लावून ऐकलं की निम्मं निदान होतं.

गेल्या काही वर्षांत सर्वांत जास्त तक्रारी येतात त्या मोबाइलच्या. फोन ऑक्स केबलने डेकला जोडलेला, आणि तोच फोन सिगारेट लायटरच्या सॉकेटमधल्या चार्जरवर. चार्जर काढला की शांतता, लावला की शिट्टी. हाही तोच वळसा आहे, फक्त डिकीऐवजी गिअर लिव्हरपाशी. शिवाय स्वस्त चार्जर 12 व्होल्टचे 5 करताना करंट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात, त्याची भर पडते. ब्लूटूथने गाणं वाजवलं तर वळसा तुटतो. ऑक्सच हवी असेल तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची डबी इथे कामाला येते. तिच्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, सिग्नल चुंबकाच्या वाटेने पलीकडे जातो आणि तारेचं नातं तुटतं. हलक्या डबीत खर्जाचे सूर पातळ होतात, हे ऐकून पारखावं. काचेवरचा डॅशकॅम आणि स्वस्त एलईडी बल्बही एफएमवर खरखर आणतात. एकेक करून प्लग काढत गेलं की गुन्हेगार सापडतो, आणि त्याच्या वायरीवर फेराइटची क्लिप बसवली की बऱ्याचदा भागतं.

आता बाजाराबद्दल. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेलात तर ‘प्युअर कॉपर’ लिहिलेली जाड, चकचकीत पॉवर केबल स्वस्तात दिसेल. तिच्यातली बरीच तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. त्याच जाडीला तिचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट असतो, आणि आवळलेल्या जोडावर ॲल्युमिनियम कालांतराने सैल पडतं. तार खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर ती ॲल्युमिनियम आहे. 16 चौरस मिलिमीटरच्या खऱ्या तांब्याच्या एक मीटर तारेत 40 अँपिअरला जेमतेम 43 मिलिव्होल्ट पडतात. चांगली तार आणि स्वच्छ जोड असेल तर पुढचे निम्मे प्रश्न जन्मालाच येत नाहीत. पॉवर केबल गाडीच्या एका बाजूने, आरसीए दुसऱ्या बाजूने. एकमेकींना ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात. अँपची अर्थ वायर दीड फुटाच्या आत, पॉवर वायरइतक्याच जाडीची. बॅटरीपासून निघालेल्या वायरीवर दीड फुटाच्या आत फ्यूज. तो आवाजासाठी नव्हे, गाडीला आग लागू नये म्हणून. डिकीत एक फॅरडचा कपॅसिटर बसवून शिट्टी जाईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, त्याचं ते काम नाही. पॉवर लाइनवरच्या फिल्टरला मी सरसकट वाईट म्हणत नाही. बाकी सगळं तपासून झाल्यावर, गोंगाट खरोखर पॉवरच्या तारेनेच येतो हे सिद्ध झालं तर तो लावावा. पण आधी लावला तर तो रोग झाकतो, आणि सैल अर्थचा जोड डिकीत तापत राहतो.

नव्या गाड्यांचं प्रकरण शेवटी आहे, आणि त्याची पानं पुढच्या आवृत्तीत वाढतील. आज अनेक गाड्यांत बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो. जादा अँपची अर्थ थेट त्या टर्मिनलवर चढवली तर अँपचा करंट सेन्सरला दिसत नाही आणि चार्जिंगचा हिशेब बिघडतो. म्हणून ती बॉडीलाच द्यायची. पिवळे कप्लर एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावायचा नाही. इलेक्ट्रिक गाडीत ऑल्टरनेटर नाही, म्हणून त्याची शिट्टीही नाही, पण मोटरला वीज पुरवणारे इन्व्हर्टर मध्यम लहरींवर भरपूर खरखर सोडतात. काही कंपन्यांनी इलेक्ट्रिक मॉडेलमधून एएम रेडिओच काढून टाकला. फोर्डनेही तसं ठरवलं होतं, पण टीका झाल्यावर 2023 च्या मे महिन्यात निर्णय मागे घेतला. चांगली गोष्ट ही की आता अनेक अँपना डिफरेन्शियल इनपुट असतं: दोन तारांवर सारखाच आलेला गोंगाट ते वजा करतात आणि दोघींमधला फरक, म्हणजे गाणं, तेवढं पुढे पाठवतात.

ही पुस्तिका डिप्लोमा झालेल्यांसाठी नाही. डेक आणि अँप बसवणारी जी मुलं उस्तादाच्या हाताखाली काम शिकली, ज्यांचे हात कुशल आहेत पण ‘असं का’ हे कुणी सांगितलेलं नाही, त्यांच्यासाठी ती लिहिली आहे. म्हणून गणित व्यवहारापुरतंच आहे आणि शब्द गॅरेजमधले आहेत. गाडीच्या मालकांनीही ती वाचावी. सगळं स्वतः करायला नव्हे, तर फिल्टर विकत घेण्याआधी ‘अर्थ कुठे मारलाय, दाखवा’ एवढं विचारायला.

फिटिंग करणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना एकच विनंती आहे. गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्यापूर्वी इंजिन सुरू करा, हेडलाइट आणि ब्लोअर लावा, व्हॉल्यूम शून्यावर आणा, आणि त्यांना आत बसवून अर्धा मिनिट ऐकू द्या. काहीही ऐकू आलं तर पैसे घेण्याआधी कार्पेट उचला.